आजेसासऱ्यांच्या तीन ट्रंका आणि माझं एक कपाट

दांडियाबाजारची_सून
नमस्कार मंडळी,

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर अखेर विकलं. माळ्यावरून पत्र्याच्या तीन ट्रंका उतरल्या. आजेसासरे बडोदा संस्थानच्या शाळेत मास्तर होते, तेव्हा पुस्तकं निघणार हे ठाऊक होतं. इतकी निघतील असं वाटलं नव्हतं. पुढे सासऱ्यांनी भर घातली. मोजून २१४. आम्ही राहतो गोत्रीला फ्लॅटमध्ये, आणि पुस्तकांच्या वाट्याला एकच कपाट येतं. कितीही दाबून बसवली तरी नव्वदच्या वर जात नाहीत.

पस्तीवाला काटा घेऊन दारात आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवलं. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: पस्ती म्हणजे रद्दी.) एका वाचनालयात विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, जागाच नाही, आणि असती तरी मराठी मागायला कोण येतं? त्यांचंही खोटं नाही.

कथा-कादंबऱ्या-नाटकं बाजूला काढली आहेत, ती राहणार, त्यावर चर्चा नको. प्रश्न उरलेल्यांचा आहे. इतिहास, संगीत, पाकशास्त्र, व्यायाम, वेदान्त, खगोल, एवढंच काय, कोंबड्या पाळण्यावरही एक पुस्तिका आहे. आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही, पण समासात आजेसासऱ्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'करून पाहावे.'

ज्यांनी ज्या विषयावरचं पुस्तक खरोखर वाचलंय त्यांनीच त्याबद्दल सांगा. 'अहो ठेवा, ठेवाच आहे तो' असले प्रतिसाद नकोत. ते सासूबाईंनी आधीच दिलेत.

निवृत्त_मास्तर
ताई, मी इतिहास शिकवत असे, म्हणून इतिहासापुरतं बोलतो. रियासतीचे भाग आहेत का? आणि असले तर कुठल्या आवृत्तीचे?

दांडियाबाजारची_सून
आहेत काका. मराठी रियासतीचे पाच, जुन्या बांधणीचे. दोन भागांची पाठ सुटली आहे.

निवृत्त_मास्तर
मग जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९२५ पर्यंत राहिले. राजपुत्रांना शिकवायचं तर हाताशी धड मराठी इतिहास नव्हता, म्हणून टिपणं काढायला लागले, आणि त्या टिपणांच्या रियासती झाल्या. आधी मुसलमानी रियासत, १८९८ ची. मग १९०२ पासून मराठी रियासत. म्हणजे तुमच्या ट्रंकेतलं हे पुस्तक मुळात बडोद्यातल्या शिकवणीचं आहे. वाचताना ते जाणवतं. सरदेसाई एखादा तह सांगतात तेव्हा समोर कंटाळलेला मुलगा बसलाय हे त्यांच्या लक्षात असतं. वाक्य सरळ, माणसं ओळखीची, आणि मधेच एखादं अस्सल पत्र घालून ते बाजूला होतात.

आता उलट बाजू. इतिहास म्हणून आज त्यावर डोळे मिटून विसंबू नये. पेशवे दप्तरातले निवडक कागद खुद्द सरदेसायांनीच १९३० ते १९३४ मध्ये ४५ भागांत छापले. त्याआधी लिहिलेलं पुष्कळ त्यांना स्वतःलाच पुन्हा तपासावं लागलं. तुमचे भाग १९३० पूर्वीचे असतील, तर ते त्या कागदांच्या आधीचे. विद्यार्थ्याला मी ते देणार नाही. संध्याकाळी वाचायला मात्र जरूर घेईन.

पस्तीप्रेमी
काकांशी निम्मा सहमत. पण ताईंचा प्रश्न कपाटाचा आहे ने! रियासत पुढे नव्याने छापली गेली, विकत मिळते, वाचनालयात मिळते. जे पुन्हा छापलं गेलंय ते द्या. जे कुठेच मिळत नाही ते ठेवा. सोपा हिशेब. भावना गोत्रीच्या फ्लॅटात मावत नाहीत.

कोमल_रिषभ
पस्तीप्रेमी, या हिशेबाने कोंबड्यांची पुस्तिका राहणार आणि रियासत जाणार!

पस्तीप्रेमी
जाऊ दे. दुर्मिळ कोण आहे? कोंबडी.

सुरसागरकाठी
गीतारहस्य किती प्रती निघाल्या? आमच्या घरात तीन होत्या. लग्नात आहेर म्हणून यायच्या.

दांडियाबाजारची_सून
दोन. एकीची जोडलेली पानं अजून कापलेलीसुद्धा नाहीत.

सुरसागरकाठी
तीच खरी मराठी प्रत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात चारएक महिन्यांत पेन्सिलीने लिहून काढलं, १९१५ मध्ये छापलं, आणि आपण शंभर वर्षं पुसून ठेवतोय. गंमत सोडा. मी निवृत्तीनंतर पूर्ण वाचलं, आठ महिने लागले. भाषेने दमत नाही माणूस, दमतो तो आवाक्याने. कांट, मिल, स्पेन्सर यांना बोलावून गीतेसमोर बसवलंय आणि प्रत्येकाची उलटतपासणी चालू आहे. वकिली शिकलेल्या माणसाचं पुस्तक आहे हे पानोपानी कळतं. निष्कर्ष पटला नाही तरी युक्तिवाद कसा रचतात ते बघायला वाचा. एक प्रत ठेवा. कापलेली.

निवृत्त_मास्तर
न कापलेली मला द्या. कापायचा सुखसोहळा माझा.

कोमल_रिषभ
संगीताचं काय काय आहे ते सांगाल का? मी फॅकल्टीत शिकत होते (आपली, सुरसागरजवळची), तेव्हापासून एका पुस्तकाच्या मागे आहे.

दांडियाबाजारची_सून
'हिंदुस्थानी संगीत-पद्धती', भातखंडे. एकच भाग, दुसरा. शिवाय हार्मोनियम शिकायच्या दोन पुस्तिका, पानं सुटलेली.

कोमल_रिषभ
थांबा थांबा. हेच ते!

हे मूळ पुस्तक मराठी आहे हे आपल्याकडच्या निम्म्या विद्यार्थ्यांना माहीतच नसतं, कारण सगळे हिंदी भाषांतरावर परीक्षा देतात. चार भाग, पहिला १९१० चा आणि शेवटचा १९३२ चा. रचना गुरुशिष्यांच्या संवादाची. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. एखाद्या रागात अमुक स्वर घ्यावा की नाही यावर पाच-पाच पानं जातात, आणि शेवटी 'या बाबतीत मतभेद आहेत' असं म्हणून गुरू पुढच्या रागाकडे वळतात. पहिल्यांदा वाचताना माझी चिडचिड झाली होती. पुढे मैफली ऐकायला लागले तेव्हा कळलं, खरं उत्तर तेच होतं.

हिंदीत ती माहिती सगळी आहे. पण 'बरें, आतां पुढें चला' म्हणणारा गुरू मराठीतच भेटतो. आणि बडोद्याशी नातं आहेच. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी इथेच भरवली, महाराजांच्या आश्रयाने.

खटकणारी बाजूही सांगते. जुन्या घराण्यांतल्या उस्तादांविषयी पुस्तकात अधूनमधून एक तुच्छतेचा सूर आहे. ज्यांच्याकडून चिजा मिळवल्या त्यांनाच शास्त्र येत नाही म्हणून टोमणा मारायचा, हे मला आजही आवडत नाही. आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांच्या गावात बसून तर नाहीच.

पुस्तक मला हवंय. विकत.

दांडियाबाजारची_सून
विकत नाही, तुम्हालाच. पण एक दिवस घरी येऊन त्यातली पाच पानं मला वाचून दाखवायची. मला रागातलं ओ की ठो कळत नाही.

लिलोचेवडो
पाकशास्त्राचं कुणी बोलतच नाही, म्हणून मी. काय निघालं?

दांडियाबाजारची_सून
दोन. एक रुचिरा, सासूबाईंची, हळदीने पिवळी झालेली. दुसऱ्याची सुरुवातीची पानंच नाहीत, त्यामुळे नाव-गाव कळत नाही. मापं सगळी शेर-पावशेर-तोळ्यात. भट्टी, शेगडी, निखारे. 'मंद विस्तव' म्हणजे किती ते कुठे लिहिलेलं नाही.

लिलोचेवडो
बिननावाचं अजिबात देऊ नका, निदान मी बघेपर्यंत!

माझं मत असं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप धरलं आणि परगावी एकट्या पडलेल्या सुनांची सोय केली. पुस्तक हातात धरून पहिल्याच खेपेला पदार्थ जमावा, हा त्यांचा हेतू सरळ दिसतो. माझी आई बडोद्यात वाढलेली. ती रुचिरातल्या प्रत्येक आमटीत मनाने गूळ वाढवायची आणि वर म्हणायची, 'त्या तिकडच्या, त्यांना काय ठाऊक.'

जुनी पुस्तकं निराळी. स्वयंपाक येतोच असं धरून ती लिहिलेली असतात. 'पुरण नेहमीप्रमाणे करावे.' नेहमीप्रमाणे म्हणजे कसं बाई? पण त्यांत प्रमाण पक्कं असतं. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे आपले ९३३ ग्रॅम. पावशेर २३३. मी एकदा अशाच जुन्या कृतीवरून चिरोटे केले, हिशेब करून, आणि सुरेख झाले.

पस्तीप्रेमी
कोणता शेर? कच्चा की पक्का? मेट्रिक येईपर्यंत शेर गावोगावी वेगळा होता.

लिलोचेवडो
डाळही त्याच शेराने आणि गूळही त्याच शेराने! प्रमाण कशाला बदलतंय? तुम्ही कधी पुरण घातलंय का हो?

पस्तीप्रेमी
खाल्लंय.

समाकडची
मी विषयाला थोडं सोडून. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यावर कंबरेपर्यंत होतं. मगर आत आली नाही एवढंच. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली. त्या वेळी शिकलेलं सांगते. भिजलेलं पुस्तक उन्हात उघडं टाकू नका, पानं वेडीवाकडी होतात. पंख्याखाली उभं करा आणि पानांत टीपकागद किंवा साधा कोरा कागद घाला. गुळगुळीत रंगीत पानांचं पुस्तक ओलं असतानाच सोडवलं तर सुटतं, वाळलं की वीट. जुन्या पाठींना चिकटपट्टी लावू नका, दहा वर्षांत पिवळा डाग उरतो आणि पट्टी गळून पडते. दुरुस्तीला खळच बरी.

आणि ट्रंका फ्लॅटमध्ये नेण्याआधी एकेक पुस्तक झटकून घ्या. कसर लागलेलं एक जरी आत गेलं तर नव्वदच्या नव्वद जातील.

माझं त्या पुरात गेलेलं पुस्तक 'ऋतुचक्र', दुर्गाबाई भागवतांचं, १९५६ चं. तुमच्याकडे असेल तर ते ठेवा. चैत्रापासून महिन्या-महिन्याचे लेख आहेत. बाई एखाद्या झाडासमोर उभ्या राहतात आणि आधी नुसतं बघतात. नाव, औषधी उपयोग, पुराणातली कथा, सगळं नंतर. मी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राला होते. झाड बघायला कॉलेजात शिकले नाही, या पुस्तकाने शिकले. कमाटी बागेत मी ते घेऊन फिरत असे. तक्रार एकच, काही ठिकाणी भाषा फार नटते. बाईंना फुलाबद्दल बोलताना आवरत नाही.

निवृत्त_मास्तर
दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा. बृहन्महाराष्ट्राचा हक्क आहे त्यांच्यावर, नटू द्या.

मोरारकडून
ग्वाल्हेरचा पाहुणा आहे, बडोद्याच्या धाग्यात घुसतो. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' निघालं का? निघालं तर प्रस्तावना कुणाची ते बघा.

दांडियाबाजारची_सून
निघालं. वैद्यांची.

मोरारकडून
म्हणजे १९०७ ची वाट. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेला निघाले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा, आणि सापडले सत्तावनच्या धामधुमीत. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिलं. वैद्यांनी ते छापलं, पण स्वतःचा हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलं.

मी दोन्ही वाचलीत. वैद्यांचं गोष्टीसारखं पळतं. पोतदारांच्या प्रतीत भटजी अडखळतात, तेच तेच बोलतात, जेवणाचा आणि दक्षिणेचा हिशेब देतात, भ्यायले की भ्यायलो म्हणतात. मला तेच आवडतं. लुटीच्या वर्णनात मधेच पोटाची चिंता येते तेव्हा माणूस खरा वाटतो. तुम्हाला एकच ठेवायचं असेल तर तुमचं द्या आणि पोतदारांचं मिळवा.

सुरसागरकाठी
असहमत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वैद्यांचीच प्रत द्यावी. पोतदारांपासून सुरू केलं तर विसाव्या पानावर ठेवून देईल.

मोरारकडून
ठेवू दे. भटजींनाही घाई नव्हती.

तारेवाला
खगोलाचं कुठलं आहे?

दांडियाबाजारची_सून
एक फार जुनं, ग्रहांच्या तक्त्यांचं. आणि सासऱ्यांनी घेतलेलं नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'.

तारेवाला
तक्त्यांचं खुशाल द्या. नारळीकरांचं ठेवा.

विज्ञानाची पुस्तकं शिळी होतात, हे मान्य. २००६ पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांत प्लूटो धरून नऊ ग्रह. गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये पहिल्यांदा पकडल्या, त्याआधीच्या पुस्तकात त्या नुसत्या अपेक्षा म्हणून. पण नारळीकर नुसती माहिती देऊन थांबत नाहीत, ती कशी कळली ते सांगतात. ताऱ्याचं अंतर इथे बसून कसं मोजायचं, हे ज्याला एकदा समजलं त्याला प्लूटो आता बटुग्रह झाल्याचं वर्तमानपत्रातून कळलं तरी पुरे. माझा मुलगा गुजराती माध्यमात. हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, पण 'ळ'पाशी अडतो आणि 'च' कुठे कसा म्हणायचा ते कळत नाही. तरी रोज दोन पानं मोठ्याने वाचून त्याने हे पुस्तक संपवलं. 'पप्पा, आ चोपडी सारी छे' म्हणाला, म्हणजे हे पुस्तक छान आहे. माझ्या आजोबांच्या लेखी चोपडी म्हणजे जमाखर्चाची वही, ते असते तर बिचकले असते.

कोमल_रिषभ
तारेवाला, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

पस्तीप्रेमी
बरं, माझा हिशेब मागे घेत नाही, पण दुरुस्त करतो. जी माहिती जुनी झाली पण समजावणं जुनं झालं नाही ती ठेवा. दुर्मिळपणाचा मुद्दा दुसरा. तरी कोंबड्या राहतातच.

मांडवीचा
वाचनालयांवर कुणी चिडू नका म्हणून लिहितो. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणून गावोगाव वाचनालयं उभी केली, पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत अजून ते लोखंडी मजले आहेत, जाड काचेच्या फरशीचे, वरचा उजेड खालच्या फळ्यांपर्यंत झिरपावा म्हणून. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायला मला भीती वाटायची, खाली माणसांच्या सावल्या हलताना दिसायच्या. तेव्हा वाचक आधी तयार केला गेला, पुस्तकं मागाहून. आता मराठी पुस्तकं आहेत आणि वाचक तिकडे अलकापुरी भागात इंग्रजी घेऊन बसलाय. त्यात काउंटरवरच्या बाईंचा काय दोष?

तालीमवाला
सगळे बोलले, माझा विषय राहिला. व्यायाम म्हणालात, म्हणजे नक्की काय?

दांडियाबाजारची_सून
'व्यायाम ज्ञानकोश'. भले थोरले खंड. खरं सांगू, यांनीच निम्मी ट्रंक अडवली आहे. पहिला नंबर यांचाच लावणार होते.

तालीमवाला
ताई, थोडा दम धरा!

हे आपल्या बडोद्याचं काम आहे. संपादक दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार, दहा खंड, पहिला १९३६ चा. शेवटचा निघेपर्यंत स्वातंत्र्य येऊन गेलं होतं. तुमच्या जुन्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ जुम्मादादांची तालीम, प्रोफेसर माणिकरावांची. मी तिथे मलखांब शिकलो. वस्ताद शब्दाने शिकवत नसत, पाठीवर थाप मारून शिकवत. पुढे मी स्वतः पोरांना शिकवायला लागलो, तेव्हा पकड कशी समजवावी ते सुचेना. ज्ञानकोशात चित्रं आणि पायऱ्या सापडल्या. आधी कुठला हात, मग कुठला पाय, भार कुठे. शरीराला येणारी गोष्ट शब्दात मांडणं किती अवघड आहे ते करून बघा. पोहायचं कसं हे चार ओळींत लिहून दाखवा कुणीतरी.

दोष आहेत. आहारावरचा आणि ब्रह्मचर्यावरचा बराच मजकूर आज कुणाला वाचायला देणार नाही. काही आसनांचे रोगांवरचे उपयोग तर सरळ ओलांडून जा. पण कुस्तीचे डाव, लाठी, मलखांब यांचं असं मराठी मी दुसरीकडे पाहिलं नाही. पस्तीला देऊ नका. मी हातगाडी घेऊन येतो.

दांडियाबाजारची_सून
दादा, तुमच्या प्रतिसादानंतर काल रात्री एक खंड उघडला. मुलीला समोर उभं करून लाठीची पहिली पायरी वाचत वाचत करायला लावली. पंख्याचं एक पातं वाकलं. पण जमली!

आता आमचा निर्णय. रियासत राहणार, पाचही भाग. मास्तरकाकांचा 'कंटाळलेला मुलगा' डोक्यातून जात नाही, रोज रात्री थोडं वाचतेय, पानिपत अजून लांब आहे. गीतारहस्य एक इथे, एक काकांकडे. भातखंडे कोमलताईंकडे. बिननावाचं पाकशास्त्र लिलोचेवडोंकडे, आधी चिरोटे मग पुस्तक. वैद्यांची प्रत ठेवतेय, ग्वाल्हेरकरांनी माफ करावं. 'ऋतुचक्र' नाही निघालं. नारळीकर मुलीच्या टेबलावर गेले. कोंबड्या राहिल्या, का ते विचारू नका.

ज्ञानकोश तालीमवाला दादांना. त्यांच्याकडे पोरं आहेत, माझ्याकडे पंखा आहे. रविवारी सकाळी या. फक्त एक, खंड नऊच आहेत. चौथा नाही. तिन्ही ट्रंका दोनदा उपसल्या.

तालीमवाला
येतो रविवारी. पण कमाल आहे. आमच्या तालमीतल्या एका जुन्या शिष्याकडे पूर्ण संच आहे म्हणतात, तो मी मागच्या वर्षी पाहिला. त्यातही चौथा नाही.

पस्तीप्रेमी
काय होतं एवढं चौथ्यात?

तालीमवाला
कसं सांगू? चौथाच नाही ने.